पोरांना घेऊन कडाक्याच्या थंडीत कॅम्पिंग: शेतातल्या कडब्यापासून बर्फातल्या तंबूपर्यंत

आम्ही खान्देशातली माणसं उन्हाला मान देतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की दुपारी पोरांना दाराबाहेर सोडत नाही, डोक्याला रुमाल, खिशात कांदा, घरात पन्हं, सगळं न सांगता होतं. थंडीचं मात्र आम्हाला कौतुकच. थंडी म्हणजे भरीत पार्टी, हुरडा आणि शेकोटीभोवती गप्पा. धुळ्यात पारा सहा-सातवर आला, अक्कलकुव्याकडे डाबला दवबिंदू गोठले, अशी बातमी आली की आम्ही ती एकमेकांना हौसेनं पाठवतो. पोरांना घेऊन त्याच थंडीत उघड्यावर झोपायचं ठरवलं तर काय तयारी लागते, हे कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रात्री तीन वाजता आम्ही अक्षरशः गाशा गुंडाळून घरी आलो.

त्याला आता चार हिवाळे झाले. थोरली अकरा वर्षांची आहे, धाकटा आठचा. शेत, मग सातपुड्यातलं तोरणमाळ, आणि गेल्या हिवाळ्यात उत्तराखंडात बर्फावर दोन रात्री, अशा क्रमाने आम्ही गेलो. ज्यांना पहिल्यांदाच जायचं आहे त्यांच्यासाठी हे सगळं क्रमवार लिहिते आहे. क्रम मोडू नका, एवढंच आधी सांगते. पोरांना थेट मनालीच्या बर्फात नेऊन तंबूत झोपवणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्यातली बरीच पोरं आता थंडीचं नाव काढलं तरी रडतात.

१. आधी पोराचं वय बघा, ठिकाण नंतर

लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडी जास्त असते. म्हणून ऊब आपल्यापेक्षा लवकर निघून जाते, आणि ती परत तयार करायला अंगात साठाही कमी असतो. दुसरं म्हणजे, पोरं सांगत नाहीत. खेळात असली तर थंडी कळत नाही, आणि गारठली की गप्प होतात.

माझा स्वतःचा हिशोब असा आहे. दोन वर्षांच्या आतलं बाळ अशा थंडीत तंबूत नेऊच नये. चार-पाच वर्षांचं पोर शेतात किंवा गच्चीवर, घर हाकेच्या अंतरावर असताना. सहाच्या पुढे तोरणमाळ किंवा पालसारखी सातपुड्यातली ठिकाणं. बर्फ आठच्या पुढे, आणि तेही आधीच्या दोन पायऱ्या झाल्या असतील तरच. दमा असेल, कान वारंवार दुखत असेल किंवा नुकताच खोकला-ताप होऊन गेला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका. हे मी तोंडदेखलं लिहीत नाही. थंड कोरड्या हवेने दम्याचा झटका येऊ शकतो, आणि घाटाच्या वर दवाखाना नसतो.

मोठी माणसं किती? दोन पोरांमागे एक मोठा माणूस, आणि त्यातल्या एकाकडे पोरं सोडून दुसरं काही काम नको. चूल पेटवणारा, फोटो काढणारा आणि पोरं बघणारा एकच असला की पहिली आबाळ पोरांची होते.

२. पहिली रात्र घराजवळच काढा

गच्ची चालेल, शेत असेल तर उत्तम. डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हे आपल्याकडे चांगले दिवस. पहिल्याच फटक्यात सहा अंशांची रात्र निवडू नका. हवामान बघून १० ते १२ अंशांची, वारा नसलेली रात्र घ्या.

आमची पहिली रात्र कशी फसली ते सांगते, कारण बाकीचा अर्धा लेख त्या एका रात्रीतूनच आला आहे. सावद्याजवळ आमचं केळीचं शेत आहे. बांधालगतच्या मोकळ्या तुकड्यात ताडपत्री टाकली, वर सतरंजी, एक गोधडी, आणि अंगावर तीन-तीन गोधड्या. मला वाटलं एवढ्यात उकडेल. अडीचच्या सुमारास जाग आली तर धाकटा उठून बसलेला. रडत नव्हता, काही मागत नव्हता, नुसता बसला होता. त्याच्या पायाला हात लावला तर गार. अंगाखालच्या गोधडीत हात घातला, तर नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखी ओलसर थंड.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणून नाना, म्हणजे माझे सासरे, मोटर चालू करायला आलेले होते. त्यांनी बॅटरी मारली, अंथरूण चाचपलं आणि म्हणाले, "वरतून तीन आन् खालतून एक? गाय बी बसाच्या आधी कोरडं पाह्यते." मग म्हणाले, "पोरांले कसाले आणलं हिवात?" पण ते दुसरं वाक्य मी सोडून दिलं.

३. थंडी जमिनीतून येते. अंथरुणावर सगळ्यात जास्त जीव लावा

गोधडी ऊब देते म्हणजे काय करते? तिच्या थरांत हवा अडकून राहते, आणि ती हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. पण तीच गोधडी अंगाखाली घेतली की आपल्या वजनाने दाबली जाते, हवा निघून जाते, आणि उरतं नुसतं कापड. अंगावर कितीही घाला, खालून जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. स्लीपिंग बॅगेचंही हेच. तिचा पाठीखालचा भाग दबलेला असतो, म्हणून तो जवळजवळ कामाचा नसतो.

शेतासाठी आमची मांडणी आता ठरलेली आहे:

- सगळ्यात खाली ताडपत्री, ओल अडवायला.
- त्यावर ज्वारीचा कडबा. पेंढ्या सोडून वीतभर जाड थर, पहिला उभा आणि दुसरा आडवा. धाटांच्या आतला मऊ भेंड हवा धरून ठेवतो.
- त्यावर जाड चादर किंवा सतरंजी, म्हणजे टोचत नाही.
- त्यावर फोमची मॅट आणि मग अंथरूण.

कडबा दिवसाउजेडी, एकेक पेंढी आपटून घ्या. गंजीत विंचू असतो हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरातून येणाऱ्यांना सांगते. केळीची वाळलेली पानं मऊ दिसतात म्हणून वापरायचा मोह होतो. मी एकदा वापरली. ती दव पितात आणि पहाटे ओली गादी होते. शेकोटीची ठिणगी कडब्यावर जाणार नाही इतकं अंतर ठेवा, निदान वीस पावलं.

डोंगरावर कडबा कुठून आणणार? तिथे फोमची मॅट. बंद बुडबुड्यांचा फोम घ्या, जो दाबला तरी चपटा होत नाही आणि पाणी पीत नाही. हवा भरायची साधी गादी थंडीत घेऊ नका. आतली हवा फिरत राहते आणि खालचा गारवा वर आणते. चांगल्या मॅटवर 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा लिहिलेला असतो. जितका जास्त तितकी खालची थंडी कमी. एकावर एक मॅट ठेवल्या तर आकड्यांची बेरीज होते. तोरणमाळला साधारण दोन-तीनचं भागतं, बर्फावर पाच किंवा जास्त धरा. साधी फोमची मॅट दोनच्या आसपास असते, म्हणून बर्फावर एकीने भागत नाही.

स्लीपिंग बॅगेबद्दल एक फसवणूक सांगते, जी माझ्या बाबतीत झाली. एका दुकानातून भाड्याने बॅगा घेतल्या, त्यावर ठळक 'उणे १०' लिहिलेलं. लेबल नीट वाचलं ते घरी आल्यावर. तो आकडा टोकाच्या मर्यादेचा होता, म्हणजे त्या तापमानाला माणूस कसाबसा जीव धरून राहील, झोपेल असं नाही. 'कम्फर्ट' म्हणून दुसरा आकडा असतो, तोच बघायचा. आणि हे आकडे मोठ्या माणसांसाठी मोजलेले असतात, पोरांसाठी नाही. म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा निदान पाच अंश खालचा कम्फर्ट आकडा घ्या.

मोठ्यांची बॅग पोराला दिली तर पायाशी रिकामी जागा उरते, आणि ती जागा रात्रभर त्यालाच तापवावी लागते. उरलेला भाग दोरीने बांधून टाका, नाहीतर उद्याचे कपडे तिथे कोंबा. सकाळी कपडेही ऊबदार मिळतात.

४. कपडे: सुती गंजीफ्रॉक घरी ठेवा

सुती कापड घाम पितं आणि वाळत नाही. ओलं कापड अंगाला लागलं की ऊब भराभर जाते. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढतं. म्हणून पळापळी करून घामेजलेलं पोर संध्याकाळी सहा वाजता सगळ्यात जास्त धोक्यात असतं, मध्यरात्री नाही.

तीन थर पुरतात. अंगाला चिकटून थर्मल, वर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. बाजारात 'थर्मल' नावाने विकली जाणारी बरीच जोडी सुतीच असते, तेव्हा लेबल वाचा. लोकर किंवा पॉलिएस्टर हवं. आजीने विणलेला जुना लोकरीचा स्वेटर महागड्या जाकिटाच्या तोडीस तोड असतो, तो आधी पेटीतून काढा.

पायांत दोन-दोन मोजे कोंबणं ही सर्वांत नेहमीची चूक. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. एकच जाड लोकरीचा मोजा, आणि बुटात बोटं हलली पाहिजेत. डोक्याला माकडटोपी. थोरली आता ती घालायला लाजते, पण रात्री तंबूत कोण बघतंय! हातमोजे बोटांचे नकोत, सगळी बोटं एकत्र राहतील असे पिशवीसारखे घ्या, आणि दोन जोड घ्या, कारण एक हरवणारच.

झोपायचे कपडे वेगळेच ठेवा. दिवसभर घातलेलं काहीही घालून पोराला झोपवायचं नाही, मोजेसुद्धा नाही. कोरडे दिसले तरी त्यात घाम असतो.

५. तंबूची जागा: नदीकाठ बघायला छान, झोपायला वाईट

हे मला कॅम्पिंगवाल्यांनी नाही, केळीने शिकवलं. रावेर-यावलकडे केळी पिकवणाऱ्यांना थंडी कुठे बसते ते पक्कं ठाऊक असतं. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. त्याच गावात खोलगट शेताला जास्त मार बसतो, चढावरच्याला कमी. शांत, निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत जाऊन खळग्यात साचते. पहाटे नदीच्या पात्रात आणि थोड्या वरच्या टप्प्यात चांगलाच फरक जाणवतो.

म्हणून तंबू खळग्यात नको, टेकडीच्या डोक्यावरही नको, तिथे वारा झोडपतो. मधला सपाट टप्पा घ्या. वाऱ्याच्या बाजूला आडोसा हवा. केळीच्या बागेला आम्ही कडेने शेवरी लावतो ती वारा अडवायलाच. तंबूलाही झुडपांची रांग, भिंत, उभी केलेली गाडी, काहीतरी असू द्या. दार पूर्वेकडे ठेवलं तर सकाळचं पहिलं ऊन आत येतं, आणि पोरांना बाहेर काढायला त्याच्याइतका उपाय नाही.

तोरणमाळला यशवंत तलावाच्या अगदी काठावर तंबू टाकायची हौस सगळ्यांना होते. आम्हीही पहिल्यांदा तिथेच बघत होतो. तिथल्या एका आजोबांनी हाताने वरची बाजू दाखवली. पहाटे उठलो तर तलावावर धुक्याची चादर आणि काठावरचं गवत पांढरं. आमच्या तंबूवर मात्र नुसतं दव होतं. धाकटा खाली पळत गेला आणि गवताच्या पात्यावरचं हिम नखाने खरवडून चाटत बसला. "फ्रीजसारखं लागतं," म्हणाला.

६. परवानगी आणि कागदपत्रं

सातपुड्यातली बरीच जमीन वनविभागाची आहे. पाल आणि मनुदेवीचा परिसर म्हटला की यावल अभयारण्याचा विचार आधी करा. अभयारण्यात विनापरवाना शिरणं आणि राखीव वनात आग पेटवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. 'आम्ही काय चोर आहोत का' ही भाषा तिथे चालत नाही, आणि चालू नये. बिबट्याचाही तो मुलूख आहे. सोपा मार्ग म्हणजे वनविभागाच्या विश्रामगृहाच्या आवारात, किंवा गावातल्या कुणाच्या अंगणात-शेतात, मालकाला विचारून तंबू लावणं. गावकऱ्याला जागेचे पैसे द्या. पोरांना त्यांच्या घरची भाकरी मिळाली तर तीच खरी ट्रिप.

सोबत ठेवायचं:

- सगळ्यांची आधार कार्डं, पोरांचीही, आणि झेरॉक्स
- वनविभागाची परवानगी घेतली असेल तर तिची छापील प्रत. डोंगरात मोबाईलला रेंज गेली की पीडीएफ उपयोगी पडत नाही
- भाच्या-पुतण्यांना किंवा मित्राच्या पोरांना नेत असाल तर त्यांच्या आईवडिलांची लेखी संमती, आणि पोराच्या अॅलर्जी-औषधांची चिठ्ठी
- डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, दम्याचा पंप असेल तर दोन
- गाडीचे कागद, लायसन्स, पीयूसी
- बर्फाच्या कॅम्पला जात असाल तर डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, बहुतेक ठिकाणी मागतात

सावद्याहून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता धरला की यावल, चोपडा, शिरपूर करत शहादा, आणि तिथून घाट चढून पन्नासेक किलोमीटरवर तोरणमाळ. सातपायरी घाटात पोरांना उलट्या होतात. निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका, आणि घाट उजेडात चढा. अंधारात पोहोचून तंबू ठोकणं म्हणजे अर्धी रात्र वाया.

७. विस्तव: इथे चूक झाली तर दुसरी संधी नाही

तंबूत शेगडी, निखारे, कोळसा, गॅस, काहीही न्यायचं नाही. 'थोडा वेळ ऊब करून बाहेर काढू' असंही नाही. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, धूर दिसत नाही, माणसाला नुसती झोप येते आणि तो उठत नाही. हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या आपण वाचतो. तंबू त्या खोलीहून लहान असतो.

थंडीच्या भीतीने तंबूच्या खिडक्या गच्च बंद करू नका. सगळ्यांच्या श्वासातली वाफ आतल्या कापडावर गोठते किंवा ठिबकते, आणि अंथरूण भिजतं. वरची झडप बोटभर उघडी ठेवा. तंबू घराइतका गरम करायचा नसतोच, गरम राहायचं ते अंथरूण.

शेकोटी पोरांना हवीच असते. पण फ्लीस आणि थर्मल पॉलिएस्टरचं असतं, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. शेकोटीजवळ बसताना वरून जुना लोकरीचा स्वेटर किंवा सुती शाल घाला, आणि एक रेघ आखा. आमच्याकडे चुन्याची रेघ असते, ती ओलांडली की शेकोटी बंद. एकदाच बंद करावी लागली. झोपण्याआधी पाणी ओतून राख हाताने चाचपण्याइतकी थंड करा.

स्वयंपाकासाठी डब्यातला गॅस नेणार असाल तर लेबल बघा. नुसता ब्युटेन असेल तर शून्याच्या आसपास तो वाफ होणंच थांबवतो, आणि चूल फुरफुरून विझते. बर्फासाठी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचे डबे घ्या. डबा तापवायला आगीजवळ धरू नका. अंगाखाली किंवा जाकिटात ठेवून गरम करतात.

८. खाणं, पाणी आणि शू

पोट हेच आतलं इंधन. संध्याकाळी साडेसहाला गरम जेवण: मुगाची खिचडी वर भरपूर तूप, किंवा कळण्याची भाकरी आणि भरीत. पोरांसाठी मिरची कमी करा. तिखटाने कानातून धूर निघतो पण ऊब टिकत नाही, आणि तहान लागते. झोपायच्या अर्धा तास आधी डिंकाचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की किंवा खोबऱ्याचा तुकडा. असं खाणं सावकाश पचतं आणि रात्रभर पुरतं. एक लाडू माझ्या उशाला असतोच, पहाटे चारसाठी. पोरांच्या उशाला नाही. खाण्याचा वास तंबूत राहिला की उंदरांपासून अस्वलापर्यंत कुणीही येऊ शकतं. म्हणून सगळं हवाबंद डब्यात, बाकी शिधा गाडीत.

थंडीत पोरं पाणी पीत नाहीत. कोमट पाणी थर्मासमध्ये ठेवा आणि दर तासाला दोन घोट प्यायला लावा. शू गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

रात्रीच्या शूचं आधीच ठरवा. पोर शू दाबून पडून राहतं, झोप लागत नाही, आणि मग थंडीही जास्त वाजते. झोपण्याआधी एकदा सक्तीने, आणि रात्रीसाठी मोठ्या तोंडाची बाटली किंवा टमरेल तंबूच्या दाराशी. थोरलीला हे सांगताना तिचं तोंड बघण्यासारखं होतं. बर्फात पहिल्या रात्री तिनेच आधी मागितली.

स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पोराच्या पायाशी ठेवा. झाकण दोनदा तपासा. सकाळी तेच पाणी चहाला.

९. पोर गारठलंय हे ओळखायला शिका

'थंडी वाजते का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. पोरं 'नाही' म्हणतात, कारण 'हो' म्हटलं तर खेळ थांबतो. त्याऐवजी दर अर्ध्या तासाला मानेमागे, कॉलरच्या आत हात घालून बघा. हात-पाय गार आणि मान गरम असेल तर ठीक. मान गार असेल तर लगेच आत घ्या.

काय बघायचं: पोर अचानक गप्प होतं, किरकिर करतं, चेन लावता येत नाही, बुटाची नाडी सुटत नाही, पाय अडखळतात, बोलणं जड होतं. कुडकुडणं म्हणजे शरीर अजून लढतंय. कुडकुडणं थांबलं आणि पोर झोपाळू झालं, तर ती सुधारणा नाही. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की ती तातडीची वेळ असते, ताबडतोब दवाखाना गाठा.

तोवर काय करायचं? ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं झाका, आणि मोठ्या माणसाने त्याला स्वतःच्या अंगाशी घेऊन एकाच पांघरुणात झोपा. नीट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय द्या. चोळाचोळ नको, आगीजवळ धरणं नको.

आणि ब्रँडी नको! 'सर्दीला दोन थेंब' हा आपल्याकडचा जुना उपाय. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, वरून गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते. मोठ्यांनीही त्या रात्री घेऊ नये. पोरं राखणारा माणूस शुद्धीत हवा.

बर्फात आणखी एक. नाकाचा शेंडा, गाल, कान, बोटं पांढरी-मेणचट दिसली आणि बधिर झाली, तर ती हिमदंशाची सुरुवात आहे. त्यावर बर्फ चोळायचा नाही, हातानेही नाही. बोटं आपल्या काखेत धरा, गालावर उबदार तळहात नुसता ठेवा. रंग आणि संवेदना लवकर परतली नाही तर कॅम्प तिथेच संपला, खाली उतरा.

१०. तोरणमाळहून बर्फाकडे

तोरणमाळच्या दोन-तीन रात्री पोरांनी कुरकुर न करता काढल्या, की पुढचा विचार करा. आम्ही भुसावळहून रेल्वेने दिल्ली, मग डेहराडून आणि तिथून दिवसभराच्या गाडीने सांकरी असे गेलो. केदारकंठा शिखराच्या वाटेवरचा हा पायथ्याचा गाव. आम्ही शिखरावर गेलोच नाही. वाटेतल्या जुडा का तालाबजवळ दोन रात्री राहून उतरलो. सोबतची मंडळी हळहळली, पण पोरांना शिखराशी देणंघेणं नव्हतं. त्यांना घसरगुंडी मिळाली होती.

दोन गोष्टी इथल्यापेक्षा वेगळ्या आहेत. एक म्हणजे उंची. वर जाताना डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं हे पोरांत दिसलं तर त्याला दमणूक समजू नका. आहात तिथेच थांबा, वाढलं तर खाली उतरा. पायथ्याला एक पूर्ण दिवस नुसता काढा. दुसरं म्हणजे स्थानिक वाटाड्याशिवाय आणि एकट्या कुटुंबाने जाऊ नका. बुकिंग करताना तीनच प्रश्न विचारा: पोरांच्या मापाच्या बॅगा आहेत का, त्यांचा कम्फर्ट आकडा किती, आणि रात्री पोर आजारी पडलं तर खाली कसं आणणार. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर देता आलं नाही अशा एका कंपनीला मी सोडून दिलं.

बाटल्या उलट्या ठेवा. पाणी वरून गोठतं, म्हणून झाकण मोकळं राहतं. बॅटरी, मोबाईल आणि डोक्याची टॉर्च झोपताना अंथरुणात घ्या, थंडीत त्यांची ताकद बरीच घटते. गॉगल पोरांनाही हवा, बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं.

११. घरी आल्यावर

तंबू आणि बॅगा आल्या दिवशीच उघडा, कितीही दमला असाल तरी. ओलसर गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी येते आणि तो वास जात नाही. तंबू सावलीत वाळवा. बॅगा दोन दिवस वाऱ्यावर टांगा आणि मग जुन्या उशीच्या खोळीत सैल भरून ठेवा. त्यांच्या छोट्या पिशवीत वर्षभर कोंबून ठेवल्या तर आतलं भरण चपटं होतं, मग पुढच्या डिसेंबरला त्यांवर लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. कडबा मात्र परत गंजीवर नेऊन ठेवायचा, नाना मोजून घेतात.